तुमचं नाव देखरेख समितीत आलंय, अभिनंदन

एमआयडीसीच्या मागं बंद पडलेल्या कारखान्यातला घातक कचरा हलवून जागा कायमची बंद करायचं ठरलं, आणि देखरेख समितीच्या यादीत शेवटून दुसरं नाव तुमचं निघालं. घाबरून जाऊ नका. मी अशा समितीवर दोनदा बसलोय आणि दोन्ही वेळा शाल-श्रीफळ घेऊन सुखरूप बाहेर पडलोय. देखरेख हा शब्द नीट फोडला की काम सोपं होतं: आधी देखायचं, मग जे दिसलं त्यावर रेघ ओढायची.

पहिल्या भेटीला गाडीतून उतरल्या उतरल्या वारा कुठून येतोय ते बघा आणि मंडप त्या अंगाला टाकायला सांगा. यापलीकडं कुठलंही शास्त्रीय निरीक्षण तुमच्याकडून अपेक्षित नाही. मास्क मिळेल. तो फोटो होईपर्यंत नाकावर ठेवा, नंतर हनुवटीवर घ्या, कारण भजी येतात.

पत्र्याच्या शेडमध्ये क्रोम प्लेटिंगचा वाळलेला स्लज, म्हणजे रसायनांचा गाळ, असेल आणि कुणीतरी तो घमेल्यानं गोण्यांत भरत असेल. आमच्या वेळी भरणारा परतूरकडचा होता. तोंडाला गमछा, पायात टायरच्या चपला, नखांच्या कडा हळद लागल्यासारख्या पिवळ्या. बोटांच्या पेरांवर मसुराच्या दाण्याएवढे गोल खड्डे, कुणी पोगरानं पाडावेत तसे. मी सहज विचारलं, काही त्रास? म्हणाला, "तरास काय नाय सायब. सकाळी नाकातून जरासं रगत येतंय. पण उन्हाळ्यात येतंच की." असल्या स्लजमधल्या षट्संयुजी, म्हणजे विषारी रूपातल्या, क्रोमियमनं कातडीला नेमके असेच खड्डे पडतात आणि नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडतं. डॉक्टर लोकांना हे शंभराहून जास्त वर्षांपासून माहीत आहे. तुम्हाला माहीत असायची गरज नाही. तुम्ही त्या माणसाशी सहमत व्हा. उन्हाळ्यावर ढकललेली गोष्ट सगळ्यात टिकाऊ, कारण उन्हाळ्याला नोटीस बजावता येत नाही.

नियम मात्र तोंडपाठ ठेवा, दुसऱ्यानं काढले की मान डोलावता येते. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार कारखानदाराला असला कचरा आपल्या आवारात ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, मुदतवाढ मिळाली तर गोष्ट वेगळी. आमच्या ढिगावर बाभूळ उगवून तिला शेंगा लागल्या होत्या. एका सदस्यानं भर बैठकीत विचारलं, ९० दिवसांत बाभूळ एवढी होते का? त्यांना पुढच्या बैठकीचं पत्र पोचलं नाही. पोस्टाचा घोळ असेल.

इतिवृत्तात 'विष' हा शब्द येऊ देऊ नका, 'अवशिष्ट साहित्य' म्हणा. 'गळती' तर नकोच. 'पाझर' लिहा. १९७२ च्या दुष्काळापासून, पाझर तलावांमुळं, आपल्याकडं या शब्दाला फार मान आहे. कारखान्यातून पाझर होतोय म्हटलं की निम्म्या सदस्यांना वाटतं, चला, विहिरींना पाणी वाढेल.

कुणी घाई करायला लागलं तर त्याला भोपाळची गोष्ट सांगा. १९८४ च्या डिसेंबरात वायू सुटला, कारखाना बंद पडला, आणि आवारात पॅक करून ठेवलेला ३३७ टन कचरा हलायला २०२५ उजाडलं. बारा कंटेनर रात्रीचे निघाले, अडीचशे किलोमीटरवर पिथमपूरला गेले, तिथल्या लोकांनी रस्ते अडवले, आणि शेवटी जूनअखेर सगळं जाळून झालं. ताशी २७० किलो. म्हणजे ४० वर्षांत जे जमलं नाही ते, उच्च न्यायालयानं चार आठवड्यांची मुदत दिल्यावर, सहा-सात महिन्यांत जमलं. गोष्ट सांगताना हे शेवटचं वाक्य गाळा. कारखान्याखालची माती आणि आसपासच्या वस्त्यांखालचं पाणी त्या बारा कंटेनरांत नव्हतं, तेही गाळा. राखेचं मात्र जरूर सांगा: जाळताना चुना मिसळावा लागतो, म्हणून उरलेली राख मूळ कचऱ्यापेक्षा वजनदार भरली आणि ती कुठं पुरायची यावर परत कोर्ट. समितीनं वजनकाट्यापासून लांब राहावं असं मी म्हणतो ते काही उगीच नाही.

आता वाहतूक. आपल्या मराठवाड्यातला बराचसा असा माल पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला जातो. सोबत सात प्रतींचं चलन, नियमात त्याला फॉर्म १० म्हणतात. पांढरी, पिवळी, गुलाबी, नारिंगी, हिरवी, निळी आणि राखाडी. मानपानाच्या साड्यांसारखी प्रत्येक प्रत कुणाची ते ठरलेलं. तुम्ही रंगांचं तोंड भरून कौतुक करा, पण हिरवी आणि निळी परत आली का, एवढं मात्र विचारू नका. माल पोचल्यावर घेणाऱ्यानं हिरवी प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि निळी पाठवणाऱ्याला द्यायची असते. निघालेलं वजन आणि पोचलेलं वजन समोरासमोर बसतं ते तिथंच. उरलेल्या पाच प्रतींना विचारून कुणाचं काही बिघडत नाही.

शिवाय रांजणगावं दोन आहेत. एक छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला खेटून, रांजणगाव शेणपुंजी. दुसरं शिरूर तालुक्यात, गणपतीचं. पहिल्याला जाऊन यायला चहा गार होत नाही, दुसऱ्याला जायचं तर अहिल्यानगर ओलांडावं लागतं. आमच्या चलनावर नुसतं 'रांजणगाव' होतं आणि डिझेलचं बिल लांबच्याचं. गाडी कुठं रिकामी झाली ते ड्रायव्हरला ठाऊक आणि गणपतीला, आणि गणपती दोन्हीपैकी एकाच गावाचा साक्षीदार.

जागा बंद झाल्याचा कार्यक्रम १७ सप्टेंबरला ठेवा. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, झेंडावंदनाला पालकमंत्री आलेलेच असतात, आणि 'मुक्ती' लिहिलेल्या बॅनरला पुढं फक्त 'विष' जोडायचं. (बॅनरवर चालतं, इतिवृत्तात चालत नाही.) भाषणात १९४८ चा संदर्भ येईलच. निजाम पाच दिवसांत शरण आला होता, क्रोमियम तेवढं समजूतदार नाही, पण हे कुणी बोलणार नाही. या तारखेचा खरा फायदा वेगळाच. पोळा होऊन गेलेला असतो, विहिरी तुडुंब असतात. पाण्याचा नमुना घ्यायचा तर याच दिवसांत. वैशाखात त्याच विहिरीच्या तळाशी चार हात पाणी उरतं आणि त्यात जे असतं ते चांगलंच दाट असतं.

विहीर कुठली, तर वरच्या अंगाची. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून आणि सांध्यांतून पळतं. बांधाला बांध लागून असलेल्या दोन बोअरचं एकमेकींशी नातं असेलच असं नाही. हा भूगर्भशास्त्राचा मुद्दा पुढं करून एकाच बोअरवर अहवाल पुरा करता येतो. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. पाणी डोळ्यांना पिवळं दिसायला लागतं तोवर ही मर्यादा कितीतरी मागं पडलेली असते. आमच्या बैठकीत खालच्या अंगाचा एक शेतकरी कोल्ड्रिंकच्या बाटलीत असं पाणी घेऊन आला आणि टेबलावर ठेवून काही न बोलता उभा राहिला. उन्हात बाटली सुंदर दिसत होती, रसना केल्यासारखी. सचिवांनी प्रेमानं सांगितलं, "दादा, नमुना अधिकृत बाटलीत नाही, ग्राह्य धरता येत नाही." दादा बाटली घेऊन गेले. टेबलक्लॉथवर पिवळं वर्तुळ तेवढं राहिलं, त्यावर भज्यांची ताटली सरकवली.

खरं तर पिवळ्याचं पाणी करायला फार मोठं शास्त्र लागत नाही. आम्लात हिराकस (लोहाचं सल्फेट) मारला की षट्संयुजीचं त्रिसंयुजी, म्हणजे खूपच कमी विषारी, क्रोमियम होतं, मग चुना टाकून हिरवट साका खाली बसवायचा आणि तो सुरक्षित जागी पुरायचा. हिराकस काही केशराच्या भावानं मिळत नाही. पण हे समितीत बोलू नका. उपाय स्वस्त निघाला की निविदा बारीक होते आणि बारीक निविदेच्या उद्‌घाटनाला मोठी माणसं येत नाहीत.

जागेवरच पुरायचं ठरलं तर वरून झाकण घालतात: चिकणमातीचा थर, त्यावर जाड प्लॅस्टिकची चादर, पाणी निघून जायला खडी-वाळू, वर माती आणि गवत. पावसाचं पाणी आत जाऊ नये, एवढाच हेतू. चिकणमाती लांबून कशाला आणायची, आपली काळी माती काय वाईट? पावसाळ्यात तिच्याइतकी चिकट माती नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पण तोवर बिल निघालेलं असतं. आणि गवत हे फोटोत नीट येत नाही. वृक्षारोपण ठेवा. झाकणावर खोल मुळांचं झाड लावायचं नाही, मुळं चादर फोडून खाली जातात, असं तांत्रिक सल्लागार कुजबुजेल. त्याला मंचावर बसवून हार घाला. आमच्याकडं पिंपळ लावला. मंत्रीमहोदय म्हणाले, पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो. सल्लागारानंही टाळ्या वाजवल्या. पिंपळ छान धरला आहे, वरून पाणी घालायची गरज पडत नाही. ओल त्याला खालूनच मिळते.

बंद केल्यावर ३० वर्षं भूजलावर लक्ष ठेवायचं असतं. ही कुणी धास्ती घ्यायची गोष्ट नाही. तोवर तुम्ही निवृत्त, मी कदाचित दिवंगत. निरीक्षण विहिरीच्या लोखंडी पाइपाला झाकण आहे, झाकणाला कुलूप आहे, किल्ली ठेकेदाराच्या गाडीत राहिली आणि गाडी त्यानं विकली. सध्या त्या पाइपाला एक शेळी बांधलेली असते. २०२५ च्या जुलैत दूषित जागांचे नवे नियम आलेत, जिल्हा प्रशासनानं सहा-सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी द्यायची. आपल्याकडं जागा साफ झाल्याचा दाखला आहे, मग संशय कसला?

ड्रमचं तेवढं राहिलं. रिकामे झालेले रसायनांचे ड्रम हासुद्धा घातक कचराच, नियमांच्या अनुसूचीत त्याला स्वतःची ३३.१ ही नोंद आहे. आम्ही एकेका ड्रमवर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर टाकले आणि 'विल्हेवाटीसाठी रवाना' अशा यादीवर सही केली. मीही केली. पुढच्या उन्हाळ्यात आत्याकडं गेलो. तिच्या गावाला टँकर येतो, दिवसाआड. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हापासून निळा ड्रम म्हणजे आपल्याकडं घरातला दागिना, काही जण कुलूप लावतात. आत्याच्या दारात असे सहा होते. एकावर कवटीचं स्टिकर अर्धवट खरवडलेलं, त्यावर दसऱ्याच्या पूजेची हळदीकुंकवाची बोटं. बाजूला पांढऱ्या रंगात ११८.

आत्या म्हणाली, "तुमच्या तिकडल्याच कंपनीतले हायेत म्हणं. लई मजबूत. तुला पायजे का एखादा?"

तुमच्यावर अशी वेळ आली तर ड्रम जरासा फिरवून ठेवायला सांगा, आकडा भिंतीकडं जाईल असा. टँकर यायच्या आधी सांगा मात्र. भरल्यावर दोघांनाही हलत नाही.