‘गाडी बसली की स्प्रिंग टाका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

जुनी आलिशान गाडी घेणाऱ्यांमध्ये एक मेसेज सारखा फिरतोय. ‘एअर सस्पेन्शन पाच वर्षांत जातंच. गाडी बसली म्हणजे कम्प्रेसर गेला. एक कोपरा गेला की चारही बदला. त्यापेक्षा स्प्रिंग टाका, फरक कळतही नाही.’ एअर सस्पेन्शन म्हणजे लोखंडी स्प्रिंगऐवजी प्रत्येक चाकापाशी हवा भरलेल्या रबरी पिशवीवर गाडी तोलणं; ती हवा कम्प्रेसर भरतो, आणि हवा गेली की गाडी ‘बसते’, म्हणजे खाली दबते. मेसेजवर विश्वास ठेवून लोक धडधाकट गाड्या भंगाराच्या भावात देऊन टाकतात, म्हणून हे लिहितोय.

पाच वर्षं कशावरून? १९९८ साली आलेल्या मर्सिडीजच्या डब्ल्यू २२० एस-क्लासला एअरमॅटिक, म्हणजे मर्सिडीजचं एअर सस्पेन्शन होतं. त्या गाड्यांनी आता विशी ओलांडली आहे. बेलो म्हणजे ती हवेची पिशवी, आत दोऱ्यांचं विणकाम असलेलं रबर. गाडी हलली की ते एकाच घडीवर दुमडतं, उष्णतेने कडक होतं आणि तिथेच चिरतं. टायरचं रबर तरी वेगळं काय करतं? दादर-पुणे मार्गावर वर्षानुवर्षं धावलेल्या शिवनेरीच्या व्होल्वो बसही हवेवरच धावायच्या. बेलो गेला की बदलायचे, त्यासाठी बस कुणी मोडीत काढत नसे.

कम्प्रेसरचा मुद्दा सगळ्यात महागात पडतो. माझ्या गाडीचा पुढचा डावा कोपरा रोज सकाळी दोन बोटं खाली दिसायचा. चावी फिरवली की कम्प्रेसर घरघरायचा आणि कोपरा वर यायचा. वर येतोय म्हणजे कम्प्रेसर जिवंत आहे, एवढं तेव्हा मला सुचलं नाही. गॅरेजवाल्याने नवा कम्प्रेसर टाकला, चार महिन्यांत तोही जळला. दुसऱ्या मिस्त्रींनी गाडी पूर्ण उंचीवर घेतली, स्टिअरिंग टोकापर्यंत वळवलं आणि बेलोच्या घडीवर साबणाचं पाणी मारलं. टॉर्चच्या उजेडात बारीक फेस एका रेषेत फुलत गेला. दहा मिनिटांचं काम! हवा गळत असली की कम्प्रेसरला उसंत मिळत नाही, तो तापतो आणि त्याच्या पिस्टनची रिंग झिजते. आधी गळती शोधा, मगच कम्प्रेसरकडे वळा. चालू करूनही गाडी वर येतच नसेल, तर फ्यूज आणि रिले (कम्प्रेसरची वीज चालू-बंद करणारा स्विच) तपासा. चिकटलेला रिले कम्प्रेसर बंदच होऊ देत नाही, म्हणून नव्या कम्प्रेसरबरोबर रिलेही नवा घालावा.

चारही बदलायची गरज नाही. पुढचे दोन्ही एकाच वयाचे असतील तर जोडीने बदलणं शहाणपणाचं, पण मागचे गळत नसतील तर त्यांना हात लावू नका. दोन-तीन कोपरे एकदम बसत असतील तर व्हॉल्व्ह ब्लॉक, म्हणजे चारही कोपऱ्यांना हवा वाटून देणारा भाग बघा, तिथली गळती बेलोच्या माथी मारली जाते.

राहिली स्प्रिंग. मोजून-मापून बसवलेल्या स्प्रिंगवर गाडी चालते, हे मी नाकारत नाही. पण फरक कळतो. मागे तिघं बसले, डिकी भरली की गाडी मागून दबते आणि तशीच राहते. उंची वाढवायचं बटण निकामी होतं, आणि डॅशबोर्डवरची सूचना घालवायला वेगळी जुगाडं करावी लागतात. आधी साबणाचं पाणी मारून बघा, मग ठरवा.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. बसलेली गाडी चालवू नका, टायर मडगार्डला घासतो. आणि स्टँड लावल्याशिवाय खाली शिरू नका. हवा सुटली की गाडी एका झटक्यात खाली येते.