आत्याले लोणचं पाठवायचं हाय? मग थांबा जरा

घरचे पापड-लोणचं ॲपवर विकायला काढलं आणि मोबाईलवर पहिली ऑर्डर आली की आधी पारावर जा आणि सगळ्यांना सांगा. आकडा दुप्पट करूनच सांगा, कारण ऐकणारेही तो मनातल्या मनात अर्धा करतातच. कराचा विषय निघाला की मात्र सूर बदलायचा. "काहीच नाही हो भाऊ, बाई रिकाम्या वेळात पापड लाटते, तेवढंच!" असं म्हणायचं. या एका वाक्याने उलाढाल जेवढी खाली येते तेवढी कोणत्याच सीएला आणता येत नाही.

मग मुख्य सिद्धांत पाठ करा: "आपल्याले कोन पाह्यते?" गावात एसटी दिवसातून दोनदा येते, तीही आली तर. रेंजसाठी टाकीवर चढावं लागतं. अशा ठिकाणी कोणता साहेब येणार? साहेब येत नाही हे खरंच आहे. त्याला यायची गरजच उरलेली नाही. तुम्ही ज्या कंपनीच्या ॲपवर विकता, ती दर महिन्याला तुमच्या करपात्र विक्रीचा हिशेब जीएसटीच्या पोर्टलवर चढवते. तिकडे आयकरवाल्यांसाठीही तुमच्या विक्रीवर टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. हे ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालं, पुढे काही वर्षं दर १ टक्का होता, ऑक्टोबर २०२४ पासून तो ०.१ टक्का आहे. म्हणजे सहा लाखांच्या विक्रीवर सहाशे रुपये. एवढ्याशा रकमेने सरकारची तिजोरी भरत नाही, पण तुमच्या पॅनखाली विक्रीची नोंद मात्र होऊन बसते. रानडुकरांनी अख्खं शेत उकरलं तरी पंचनाम्याला कोणी फिरकत नाही, आणि तुमची मसाल्याची पुडी गावाबाहेर पडली की पोर्टलवर हजर.

यावर काही हुशार मंडळींचा उपाय असतो, पॅनच द्यायचं नाही. जरूर करा. वर्षाची विक्री पाच लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेलं असेल तर साध्या माणसाचा हा टीडीएस मुळी कापतच नाहीत. न दिल्यास ५ टक्के. लपण्याची एवढी किंमत मोजणारा माणूस गरीब कसा म्हणायचा?

आता माल काय ठेवायचा ते बघू. पापडावर जीएसटी शून्य आहे, आणि नुसता करमाफ मालच विकत असाल तर नोंदणीही लागत नाही. पण आपल्याकडे नुसत्या पापडावर कोणाचं समाधान होतं? शेजारीण म्हणते, "मिरचीचं लोनचं बी टाक ना माय!" टाकलं. लोणचं करपात्र. पूर्वी १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. तुम्ही १२ असतानाही भरत नव्हता, त्यामुळे या कपातीचा आनंद तुम्हाला कळणार नाही. हळदीची तर वेगळीच गंमत. वायगावची हळद ओली असेपर्यंत तिच्यावर कर नाही. उकळून, वाळवून, दळून पुडीत भरली की ५ टक्के. शेतकऱ्याने माल प्रक्रिया करून विकावा, असं ज्या व्यासपीठावरून सांगतात, तिथे हे सांगायचं राहून जातं.

खरी मजा सीमेची आहे, आणि ती पुण्या-मुंबईच्या लोकांना कळायची नाही. ऑक्टोबर २०२३ पासून एक सोय झाली. ॲपवरून फक्त आपल्याच राज्यात माल विकणाऱ्याला, वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर, जीएसटी नंबर लागत नाही. पॅनवर पोर्टलवरून एक नावनोंदणी क्रमांक घेतला की झालं. (या ४० लाखांत करमाफ पापडही मोजतात. पण ४० लाखांचे पापड लाटणारीचे हात अजून माझ्या पाहण्यात नाहीत.) म्हणजे वरूडहून राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सावंतवाडीला बरणी पाठवा, काही अडचण नाही. पण तासाभराच्या वाटेवर पांढुर्ण्याला आत्या राहते. तिथे आपलीच सोयरीक, आपलीच मराठी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, पाहायला आपणच जातो. तरी ते मध्य प्रदेश. तिथे करपात्र मालाची एक बरणी विकली की पहिल्या रुपयापासून जीएसटी नंबर हवा. ॲप सोडून व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेतली तरी सुटका नाही, नियम तोच. गोंदियावाल्यांचं बालाघाटशी आणि पांढरकवड्याचं आदिलाबादशी असंच आहे. १९५६ साली राज्यांच्या रेषा आखणाऱ्यांच्या डोक्यात लोणचं नव्हतं, त्याला आपण काय करणार!

तरीही नंबर काढायचाच म्हणता? सरकारी फी शून्य आहे. म्हणून तालुक्याच्या चौकात जाऊन हजार-दोन हजार मोजून काढा, फुकटच्या गोष्टीला मान नसतो. कागद सोपे आहेत: पॅन, आधार, फोटो, जागेचा पुरावा. जागेचा पुरावा म्हणजे वीजबिल. वीजबिल आजोबांच्या नावावर. आजोबा वारले त्याला पंधरा वर्षं झाली, पण बिल त्यांनाच येतं आणि थकबाकीची नोटीसही त्यांनाच. आता जागामालकाचं संमतीपत्र जोडा, म्हणतात. आजोबांची सही आणायला कोणाला पाठवायचं, ते तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवावं.

नंबर मिळाला की तो फ्रेम करून भिंतीला लावा आणि विसरून जा. "रिटर्न भरलं का?" असं कोणी विचारलं तर निरागसपणे सांगा, "रिटर्न तर रोजच येते भाऊ, काल तीन पार्सलं वापस आली." विक्री झाली नाही तरी शून्याचं रिटर्न भरावं लागतं, यावर विश्वास ठेवू नका. ज्याने काही विकलंच नाही त्याने काय सांगायचं, हा तुमचा सवाल अगदी रास्त आहे. फक्त त्या सवालाचे दिवसाला २० रुपये लागतात, एका रिटर्नमागे ५०० पर्यंत. सहा महिने असंच चाललं तर नंबर रद्दही होऊ शकतो. फ्रेम तेवढी राहते. ॲपवाली कंपनी तुमच्या विक्रीतून जीएसटीपोटी अर्धा टक्का कापते, तो पोर्टलवर जाऊन स्वीकारला की तुमच्याच जीएसटी खात्यात जमा होतो. तोही घेऊ नका. दिलदारी दाखवायला दुसरी जागा कुठे आहे?

आयकराचं रिटर्नही भरू नका. मग तीन वर्षांनी पापडाच्या मशीनसाठी बँकेत कर्ज मागायला जा. साहेब तीन वर्षांची रिटर्न मागतील. पारावर सांगितलेला आकडा त्यांनाही सांगून बघा.

माझ्या आत्याने मात्र हा सगळा घोळ एका फेरीत संपवला. नंबरचं प्रकरण फोनवर ऐकून घेतलं, म्हणाली, "मीच येतो ना बाप्पा." सकाळच्या गाडीने आली, जेवली, दोन बरण्या पिशवीत घातल्या. मी बिचकत बिचकत किंमत सांगितली, तर माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका.

"आत्याजवळून पैसे घेतं काय रे?"

विक्री झालीच नाही.