मागचं गेट

आज सकाळी सोसायटीचं मागचं छोटं गेट बंद झालं. कायमचं. साखळीचे तीन वेढे आणि त्यावर नवंकोरं कुलूप. मला कळलं ते आईच्या फोनवरून. नेहमीसारखी औषधं आणायला निघाली होती आणि गज धरून उभी होती. पलीकडे औषधाचं दुकान समोर दिसतंय. "अगं, कुलूप घातलंय इथे. आता मी कुठून जाऊ?"

कुठून म्हणजे मेन गेटमधून. अख्ख्या कंपाउंडला वळसा घालून, मग मोठ्या रस्त्याच्या कडेने, जिथे फुटपाथ नाही आणि गाड्या अंगावर येतात. पाच मिनिटांची वाट पंचवीस मिनिटांची झाली. आई ७२ वर्षांची आहे, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

फ्लॅट बुक करताना आम्हाला काय काय दाखवलं होतं! क्लब हाउस, जिम, स्विमिंग पूल, जॉगिंग ट्रॅक. मागच्या गेटचा उल्लेख ब्रोशरमध्ये कुठेच नव्हता. आणि राहायला आल्यापासून आमच्या घरात सगळ्यात जास्त वापरलं गेलं ते हेच गेट. क्लब हाउसमध्ये आई दोनदा गेली असेल. गेटमधून रोज. दुकान, वाचनालय, बसस्टॉप, सगळं त्या बाजूला. लॉनमधून गेटपर्यंत एक पायवाट पडलीये, बघा कधी. कुठल्याच नकाशात नाही ती. माणसं चालून चालून गवत गेलं आणि माती घट्ट झाली. लोकांना काय हवंय हे याहून स्पष्ट कुणी कसं सांगायचं?

रोजच्या गोष्टी चालत जाण्याइतक्या जवळ हव्यात, हे काही मी आज रागाच्या भरात शोधून काढलेलं नाही. १९२९ साली क्लॅरेन्स पेरी या नगररचनाकाराने अमेरिकेत वस्ती कशी असावी हे मांडलं, तेव्हा शाळा आणि मैदान घरापासून साधारण पाव मैलावर, म्हणजे ४०० मीटरच्या आसपास धरलं होतं. दुकानं वस्तीच्या कडेला, शेजारच्या वस्तीलाही जवळ पडतील अशी. त्याच वर्षी न्यू जर्सीत रॅडबर्न या नव्या वसाहतीत पहिली कुटुंबं राहायला आली. तिथे मुलांना गाड्यांमधून जावं लागू नये म्हणून चालण्याच्या वाटाच वेगळ्या काढल्या, रस्त्याखालून भुयारी वाटसुद्धा. आणि आम्ही? आयती असलेली वाट साखळीने बांधून टाकतो!

कारण काय, तर सुरक्षा. बरं, दोन सायकली चोरीला गेल्या, मान्य. दुसऱ्या गेटवर माणूस ठेवायचा तर मेन्टेनन्स वाढणार, तेही मान्य. पण ग्रुपवर "बाहेरचे लोक येतात" असं लिहिणाऱ्यांनी एकदा सांगावं, बाहेरचे म्हणजे कोण? आपल्या घरात पोळ्या लाटून, भांडी घासून जाणाऱ्या ताई? त्यांनीही आता तो वळसा घालायचा, दिवसातून दोनदा, चार घरांची कामं करून? आणि पूलवर आपण वर्षाला किती घालवतो याचा हिशोब कुणी मागितलाय का कधी? पोहणारी माणसं बोटांवर मोजावीत इतकी. औषध सगळ्यांनाच लागतं.

मी पोहोचेपर्यंत वॉचमन काकांनी आईला आपली खुर्ची आणून दिली होती. किल्ली त्यांच्याकडेही नव्हती. बिचारे मलाच सॉरी म्हणत होते, जणू कुलूप त्यांनीच घातलं. आई खुर्चीत बसून त्या दुकानाकडे बघत होती. माझी चिडचिड बघून म्हणाली, "जाऊ दे, तू ऑफिसातून येताना आणत जा."

हेच मला दिवसभर टोचतंय. औषधं मी आणीन हो. पण ती औषधांसाठी जात नव्हती नुसती. दुकानदाराशी चार शब्द, येताना वाचनालयात डोकावणं, ओळखीचं कुणी भेटलं तर दहा मिनिटं गप्पा. आपली आपण जात होती, कुणाला न विचारता.

रविवारी कमिटीची मीटिंग आहे. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ गेट उघडं ठेवा, एवढंच मागणार आहोत. तेवढ्या वेळापुरता माणूस ठेवायला जो खर्च येईल त्यातला आमचा वाटा मी द्यायला तयार आहे. आईही येणार आहे. बी विंगमधल्या ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत, त्यांनी त्यांना घेऊन या.