गच्चीवरची अँटेना, तिसरी पिन आणि बाटलीत कोंडलेली वीज

वळीव तोंडावर आला की पुण्यातल्या हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप फिरू लागतो. ‘घरच्या घरी हॅम अँटेना, धोका शून्य’ असा त्याचा थाट. मजकूर थोडक्यात असा: अर्थिंगशिवाय अँटेना चालत नाही; अर्थ सॉकेटच्या तिसऱ्या पिनेतून किंवा नळाच्या पाइपातून घ्यावा; अर्थ केलेल्या अँटेनावर वीज पडत नाही; अँटेनाचा अर्थ घरातल्या अर्थपासून वेगळा ठेवावा; आणि ढग आले की केबल काढून काचेच्या बाटलीत घालावी, म्हणजे झालं.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला आहे. घरी केलेली तारेची अँटेना उत्तम चालते, हेही खरं. पण अर्थिंगबद्दल जे लिहिलंय ते मुळापासून गोंधळलेलं आहे. रेडिओ लहरींसाठीचा अर्थ, शॉक लागू नये म्हणून केलेला अर्थ आणि आकाशातल्या विजेसाठीचा अर्थ ही तीन निरनिराळी कामं आहेत. निरोपात तिन्ही एकाच तारेच्या गळ्यात बांधली आहेत.

‘अर्थिंगशिवाय अँटेना चालतच नाही.’

चालते. हाफ-वेव्ह डायपोल ही नव्या हॅमची पहिली अँटेना, आणि तिला अर्थ लागतच नाही. दोन सारख्या बाह्या, मधोमध केबल. एका बाहीतला प्रवाह दुसरीने पुरा होतो. एकूण लांबी मीटरमध्ये काढायची तर १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागा. ७.१ मेगाहर्ट्झला साधारण २० मीटर, १४.२ ला १० मीटर. पुण्यातल्या गच्चीवर २० मीटर सरळ जागा क्वचितच मिळते. मग टाकीजवळ पीव्हीसी पाइप उभा करून मधला बिंदू त्यावर टांगायचा आणि दोन्ही टोकं नायलॉनच्या दोरीने कठड्याकडे उतरवायची. उलटा व्ही छान चालतो. फक्त टोकं हाताला लागतील अशी ठेवू नका. प्रक्षेपण चालू असताना सर्वांत जास्त व्होल्टेज तिथेच असतं आणि चटका बसतो. तार म्हणाल तर तापकीर गल्लीत मिळणारी दीड चौरस मिलिमीटरची साधी वायरिंगची तार पुरे. तिच्यावरच्या प्लॅस्टिकमुळे हिशोबापेक्षा थोडी कमी लांबी लागते, म्हणून आधी जास्त कापा आणि एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते याचं माप, बघत छाटत जा. टीव्हीच्या केबलवाल्याची आरजी-६ केबलसुद्धा चालते. तिचा ७५ ओहम बघून लोक नाक मुरडतात, पण मोकळ्या जागेतल्या डायपोलचा स्वतःचा रोधच ७३ ओहमच्या आसपास असतो.

उभ्या पाव-लहरीच्या, म्हणजे लहरीच्या लांबीच्या चौथ्या भागाइतक्या, अँटेनाला मात्र दुसरी बाजू द्यावी लागते. ती म्हणजे जमीनच असं नाही. १४५ मेगाहर्ट्झसाठी सुमारे ४९ सेंटिमीटरची एक उभी काडी आणि तिच्या बुडाशी तेवढ्याच लांबीच्या चार काड्या खाली झुकवलेल्या. या चार काड्याच तिची जमीन.

आता अर्थसाठी चौथ्या मजल्यावरून जमिनीपर्यंत सोडतात त्या बारीक हिरव्या तारेकडे बघू. समजा ती १० मीटर आहे. ७ मेगाहर्ट्झला १० मीटर म्हणजे जवळजवळ पाव लहर. पाव लहर लांब तारेचं खालचं टोक जमिनीला जोडलं की वरच्या टोकाला ती रेडिओ लहरींना जवळपास तुटलेल्या तारेसारखी दिसते. म्हणजे इतका खटाटोप करून रेडिओच्या दृष्टीने अर्थ नसल्यातच जमा. वर ती तार स्वतःच अँटेना होऊन इमारतीतल्या एलईडी दिव्यांची आणि लिफ्टची खरखर गोळा करते.

‘अर्थ तिसऱ्या पिनेतून घ्या, नाहीतर नळाला जोडा.’

हे वाक्य निरोपातून आजच्या आज काढावं. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत तिसरी पिन कुठेच जोडलेली नसणं ही काही नवलाची गोष्ट नाही. त्याहून वाईट म्हणजे कुणा उत्साही वायरमनने ती सॉकेटमध्येच न्यूट्रलला जोडलेली असणं. मग एखाद्या दिवशी मागे न्यूट्रल तुटला की घरातल्या चालू उपकरणांमधून २३० व्होल्ट थेट तुमच्या रेडिओच्या खोक्यावर आणि अँटेनावर येतात, आणि गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्याला ते आधी कळतं. पिन व्यवस्थित असली तरी तिच्यातून रेडिओ लहरी घरभर फिरवायच्या कशाला? अशाने गळती दिसताच वीज तोडणारी आरसीसीबी विनाकारण पडू शकते.

नळाचं म्हणाल तर आता बहुतेक ठिकाणी मध्येच कुठेतरी प्लॅस्टिकचा पाइप असतो, त्यामुळे जमिनीपर्यंत जोड पोचतच नाही. गॅसच्या पाइपाला जोडण्याचा सल्लाही काही जण देतात. त्यावर चर्चा नको. जोडू नका.

‘अर्थ केलेल्या अँटेनावर वीज पडत नाही.’

टोकदार सळई ढगातला भार गुपचूप ओढून घेईल, अशी कल्पना सुरुवातीला खुद्द बेंजामिन फ्रँकलिननेही मांडली होती. तसं होत नाही. अर्थिंग विजेला थांबवत नाही आणि बोलावतही नाही. पडलीच तर तिला जायला वाट देतं, एवढंच. आणि ती वाट कशी असावी याचा हिशोब अशा बारीक तारेच्या आवाक्याबाहेरचा आहे. विजेचा प्रवाह साधारण ३० हजार अँपिअरच्या घरात असतो आणि तो मायक्रोसेकंदांत चढतो. सरळ तारेचं इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध, मीटरला सुमारे एक मायक्रोहेन्री. प्रवाह मायक्रोसेकंदाला १० हजार अँपिअरने वाढला तरी दर मीटरला १० हजार व्होल्ट; १५ मीटर उतरणाऱ्या तारेच्या दोन टोकांत दीड लाख. म्हणून तिथे रुंद पट्टी, सरळ वाट आणि कमीत कमी वळणं लागतात. तारेचं भेंडोळं करून खिळ्याला अडकवायचं नसतं.

त्यात पुण्याची जमीन. वरच्या थोड्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा बेसॉल्ट. कोळसा-मीठ घालून अडीच मीटरचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप पुरायची रीत इथे चालते, पण खड्डा कोरडा पडला की रोध वाढतो. आणि वळवाचा कडकडाट नेमका एप्रिल-मेमध्ये, म्हणजे खड्डा सर्वांत कोरडा असताना. उन्हाळ्यात त्यात पाणी घालायचं काम सोसायटीत कुणाचं असतं, हे विचारून बघा. सोसायटीच्या इमारतीवर तडितरक्षक असेल तर अँटेनाचा खांब जाणकार इलेक्ट्रिशियनकडून त्याला नीट जोडून घ्यावा. स्वतः प्रयोग करू नये.

‘अँटेनाचा अर्थ वेगळाच ठेवा.’

उलट. दोन अर्थ एकमेकांना न जोडता ठेवले, तर जवळपास वीज पडल्यावर दोघांमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडतो, आणि तो भरून निघायचा मार्ग म्हणजे मध्ये ठेवलेला तुमचा रेडिओ, किंवा त्याला हात लावून बसलेले तुम्ही. अँटेनाचा अर्थ रॉड आणि इमारतीचा मुख्य अर्थ जाड तारेने एकमेकांना जोडलेलेच हवेत.

बाटलीबद्दल फार लिहायला नको. काही किलोमीटर हवा फोडून आलेल्या विजेपुढे काच ती काय? केबल सुटी करणं बरोबर आहे, पण ती घराबाहेरच सोडवून तिथल्या अर्थच्या पट्टीला लावायची. रेडिओचा प्लगही काढायचा. आणि हे ढग डोक्यावर यायच्या आधी; गडगडाट ऐकू आल्यावर केबलला हात लावायचा नाही. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने काढलेलं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर असू द्या, वेळेत उठायला उपयोगी पडतं.

आता निरोपात जे नाहीच ते. घरी अँटेना उभारताना विजेच्या ताराही जीव घेतात, आणि शून्य धोक्याच्या या निरोपात त्यांचं नावही नाही. शहराच्या कडेच्या वस्त्यांत ११ हजार व्होल्टच्या उघड्या तारा अजून इमारतींच्या अगदी जवळून जातात. खांब उभा करताना तोल गेला, दोरी तुटली किंवा वाऱ्याने तार उडाली, तर ती कुठवर पोचेल हे आधी मोजा. खांब आणि अँटेना मिळून जेवढी उंची किंवा लांबी होते, त्याच्या दीडपट अंतरात विजेची तार नको. तेवढं अंतर मिळत नसेल तर गच्ची सोडा आणि घरातच छताखाली १४ मेगाहर्ट्झचा डायपोल टोकं वाकवून लावा. स्लॅबमुळे सिग्नल कमी येईल, पण येईल. आणि तार विजेच्या तारेवर पडलीच, तर दोरी, केबल, खांब कशालाही हात न लावता लांब व्हा, इतरांना लांब ठेवा आणि महावितरणला फोन करा.