येवा, विहीर आपलीच असा

आमच्याकडे सुट्टीला आलेले तेरा नातेवाईक परवा परत गेले. मे संपायला अजून दिवस आहेत, तेवढ्यात आणखी कुणाचं यायचं ठरत असेल तर उपयोगी पडावं म्हणून अनुभवाचे चार शब्द लिहून ठेवते. तुमचं कोकणात घर असेलच. म्हणजे राहतो आम्ही, कौलं आम्ही चाळतो, घरपट्टी आम्ही भरतो, आणि 'आमचं कोकणात घर आहे' असं ऑफिसात तुम्ही सांगता. रस्त्याकडेला 'येवा, कोकण आपलाच असा' अशी पाटी वाचलीच असेल. आम्ही रत्नागिरीकडचे, आमच्याकडे असं कुणी बोलत नाही, पण पाटीचा अर्थ तुम्हाला बरोबर कळलेला आहे.

तर सुरुवात अशी करावी की आधी कळवूच नये. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे मेच्या तिकिटांचं तुमचं मार्चातच ठरलेलं असतं. पण मार्चात आम्हाला सांगितलं तर त्यात गंमत काय? फोन करावा आदल्या रात्री साडेनऊला, आमची जेवणं आटोपून भांडी पालथी पडल्यावर. "वहिनी, उद्या पहाटे रत्नागिरीला उतरतोय. सात जण. बाकीचे सहा गाडीने निघालेत." स्टेशनापासून आमचं गाव पस्तीस किलोमीटर. पहाटे साडेचारला सात माणसं आणि अकरा बॅगा आणायला गाडी कुठून उभी करायची, हा विचार तुम्ही करू नये. सुट्टीत डोक्याला ताप कशाला? गाडीने येणाऱ्यांनी पायरी चढता चढता मुंबई-गोवा हायवेच्या कामाबद्दल बोलायला लागावं. आम्ही ऐकून घेतो. २०११ पासून ऐकतोय.

चहा सगळ्यांनी एकदम घेऊ नये. साडेसहाला दोघं, सातला तिघं, एक बिनसाखरेचा, एक बिनदुधाचा, आणि सव्वानऊला एकाने डोळे चोळत यावं, "वहिनी, चहा आहे का हो?"

मे महिन्यात आम्हाला तसंही काही काम नसतं. लाकडं आत घ्यायची, कौलं चाळून घ्यायची, रातांबे फोडून आमसुलं घालायची, आंब्याच्या रसाची साठं वाळवायची, पावसाच्या चार महिन्यांची सगळी बेगमी ह्याच दिवसांत, एवढंच. पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात धरायचा अशी आमची पद्धत होती, तर २०२५ साली तो पंचवीस मेलाच येऊन उभा राहिला. तेव्हापासून सगळ्यांची धांदल पंधरा दिवस अलीकडे आली आहे. आमसुलाची सालं पुन्हा पुन्हा रसात बुडवून, पुन्हा उन्हात पसरून चार-पाच दिवस सांभाळायची असतात. म्हणून खळ्यात क्रिकेट खेळावं. सालांच्या सुपात चेंडू पडला की तो तिथेच पुसावा.

साप आहेत का, हे रात्री विचारावं. जेवताना. मुलांसमोर.

वीज गेली की आमच्या तोंडाकडे बघावं.

आता आंबा. घरचा आंबा फुकट असतो. फवारण्या, राखण, माकडं, बांबूला घळ, म्हणजे जाळीची झोळी, बांधून एकेक फळ देठासकट उतरवणारे गडी, ह्याला काही खर्च येत नाही. माडीवर पेंढ्यात आंबे लावलेले असतात, त्याला अढी म्हणतात. फळ तयार झालं की नाही हे रंगावरून आणि वासावरून कळतं. तुम्ही मात्र अंगठ्याने दाबून बघावं. एखादंच नाही, अढीभर. दाबलेल्या जागी दोन दिवसांत काळा डाग पडतो, ते आंबे आम्ही खातो. तुम्ही वरून म्हणावं, "यंदा माल बरोबर दिसत नाही." निघताना दोन पेट्या साहेबांसाठी मागून घ्याव्यात. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तुमच्या साहेबांना अजून पेटी मिळालेली नाही, केवढा हा अन्याय.

गाडी पुळणीवर घालावी. समुद्र बघायला चालत जाणं हे ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांचं काम. आमच्याकडे ह्या वेळी घातली ना. त्या दिवशी एकादशी होती म्हणून वेळेसकट लक्षात आहे. मामंजींनी सकाळीच सांगितलं होतं, तिथीची पाऊणपट करा, अकराची सव्वाआठ, सव्वाआठला पूर्ण भरती, दुपारी दोननंतर पाणी चढायला लागेल. तेव्हा सगळे हसले. "काका, मोबाइलवर सगळं असतं." मोबाइलवर सगळं असेलही, पण साडेचारला ओल्या वाळूत मागची चाकं निम्मी रुतली होती आणि लाट पुढच्या नंबरप्लेटला लागत होती. वाडीतली सहा पोरं, एक दोरखंड आणि एक ट्रॅक्टर लागला. पोरांना कुणी चहा विचारला नाही. मीच मग घरी बोलावून दिला. म्हणजे पुन्हा चहा.

पण ही गाडी लक्षात ठेवा, ती परत येणार आहे.

पाण्याचं जरा सविस्तर सांगते. आमच्याकडे जुनी न्हाणी आहे, पण "मुलांना बरं पडेल" म्हणून तुमच्याच आग्रहाने तीन वर्षांपूर्वी मागच्या पडवीत टाइल्स लावून शॉवरचं बाथरूम बांधलं. न्हाणीतलं पाणी पाटाने पोफळींना जातं, बाथरूमचं शोषखड्ड्यात, म्हणून बाथरूमच वापरावं. आधी शॉवर सोडावा, मग कपडे शोधायला खोलीत जावं, मग साबण बाहेर राहिला म्हणून हाक मारावी. शॉवर चालूच. दात घासताना नळ सुरू ठेवावा, नाहीतर आरशासमोर एकटं वाटतं. समुद्रावर जाण्याआधी एक आंघोळ, आल्यावर एक, उकडतंय म्हणून रात्री एक. पायाची वाळू शॉवरखालीच धुवावी. बाहेर पायरीपाशी मी रोज भरलेली बादली आणि तांब्या ठेवते, पण ते शोभेचं आहे. त्याचा फोटो काढावा. एकीने काढला होता, खाली 'साधं जीवन' असं लिहिलं होतं.

आणि हे सगळं चालू असताना विचारावं, "कोकणात एवढा पाऊस पडतो, मग तुमच्याकडे पाणी कसं नाही?"

पडतो हो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पण पायाखाली जांभा दगड आहे, त्याची चाळण, आणि जमीन सगळी उताराची. सह्याद्रीत पडलेलं पाणी बघता बघता समुद्राला मिळतं, वाटेत थांबायला त्याला जागाच नाही. पावसाळ्यात वाकून कळशी बुडवता येते ती हीच विहीर, मे महिन्यात दोराला दोर जोडावा लागतो. पंचायतीचा नळ एक दिवसाआड येतो, कधी येतो, कधी नुसती हवा सोडतो. हे मी तेरा जणांना निदान तेरा वेळा सांगितलं असेल. सगळ्यांनी "हो ना, पाण्याचं कठीणच आहे" म्हणून मान हलवली आणि आंघोळीला गेले.

हिशेबच सांगते. विहीर आठ फूट रुंद. ह्या दिवसांत रात्रभरात पाणी वीतभर चढतं. आठ फुटांवर वीतभर म्हणजे साधारण हजार लिटर, म्हणजे परसातली ती काळी टाकी एकदा भरते. रोजची कमाई एवढीच. त्यात आम्ही चौघं, गाय, वासरू आणि नवी लावलेली कलमं असं सगळं भागतं, कारण आम्ही बादलीने मोजून घेतो. तुम्ही आलात तेव्हा विहिरीत कंबरभर पाणी होतं. पहिल्या दिवशी दोन टाक्या लागल्या. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी दोन, आणि दुपारी थोडी आणखी. मामंजी रोज संध्याकाळी राहाटाचा दोर सोडतात, वर ओढतात आणि भिजलेला भाग विताने मोजतात. चार होत्या, तीन झाल्या, दोन झाल्या. चौथ्या संध्याकाळी त्यांनी मोजून दोर तसाच गुंडाळून ठेवला आणि ओटीवर येऊन बसले. ओटीवर पत्त्यांचा डाव रंगला होता. त्यांना बसायला जागा करून द्यावी, एवढंही कुणाच्या लक्षात आलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी तीच गाडी आली. पुळणीवरून सोडवून आणलेली. खाऱ्या पाण्याने खालचा पत्रा गंजतो म्हणे. गंजतोच. मग विहिरीजवळ गाडी लावून, मोटरला पाइप जोडून, खालून, वरून, चाकांच्या आतून, पाऊण तास फवारा. चिखल नाही, धूळ नाही, नुसता पत्रा. मी पोळ्या करत होते. मोटरचा आवाज एकदम बदलला. पाणी ओढताना ती जड घुमते, ती रिकामी खडखडायला लागली. मामंजी ओटीवरून उठून धावले. बहात्तर वर्षांचा माणूस, गुडघ्याचं दुखणं, अनवाणी. बटण बंद करेपर्यंत जळका वास घरात आला होता. पाइपच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह पाण्याबाहेर उघडा पडून मोटर कोरडी फिरली होती. त्याच वेळी बाथरूममधून डोक्याला शाम्पू लावलेला एकजण ओरडत होता, "अरे, पाणी गेलं! कुणीतरी बघा ना!"

कुणीतरी बघितलं. मी पोहरा सोडला. वर आला तो लाल गढूळ, तळाचा गाळ आणि त्यात एक बेडूक.

अशा प्रसंगी पाहुण्यांनी काय म्हणावं? "वहिनी, तुम्ही बोअर का नाही मारत?" असं म्हणावं. तासाभरात फोन लावून वीस किलोमीटरवरच्या रिसॉर्टमध्ये खोल्या ठरवाव्यात, कारण 'मुलांचे हाल होतात'. निघताना, पेट्या डिकीत नीट बसल्या का ते दोनदा बघावं.

बोअर मारा म्हणे. अहो भावजी, तुम्ही ह्याच घरात चौथीपर्यंत शिकलात. तुमची आई ह्याच विहिरीवरून डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन पंचवीस पायऱ्या चढायची, हे तुम्हीच दर वर्षी रात्री ओटीवर डोळ्यांत पाणी आणून सगळ्यांना सांगता. यंदाही सांगितलंत. आणि दुसऱ्या दिवशी त्या विहिरीतलं शेवटचं पाणी गाडीच्या चाकांवर मारलंत. लाज कशी वाटली नाही? पाणी संपलं तर तुम्हाला रिसॉर्ट आहे. गाईला कुठलं रिसॉर्ट? तुम्ही गेलात त्या दुपारी मी आणि सासूबाई शेजारच्या वाडीतून नऊ खेपा पाणी आणलं. त्यांचीही विहीर तळाला गेली आहे, तरी त्यांनी नाही म्हटलं नाही. पासष्ट वर्षांची बाई उन्हातून कळशी आणतेय आणि तुमच्या मुलीने त्याच वेळी ग्रुपवर टाकलेला फोटो मी घरी येऊन बघितला, रिसॉर्टच्या तलावात सगळे पाय सोडून बसलेले, खाली लिहिलंय, 'गावची मजाच वेगळी'.

तुम्हाला गाव नको, बिनपैशाचं हॉटेल हवं. आणि हॉटेलात निदान जाताना मॅनेजरला थँक्यू तरी म्हणता. मामंजींना नमस्कार केलात तो गाडीत बसून, काच खाली करून.

पुढच्या वर्षी यायचं असेल तर या. घर तुमचंही आहे, ते मी नाकारत नाही. पण तिकिटं काढाल त्याच दिवशी मला फोन करायचा आणि किती माणसं ते खरं सांगायचं. आंघोळ न्हाणीत, दोन बादल्या, दिवसातून एकदा. बाथरूमला मी कुलूप घातलंय. अढीत हात घालायचा नाही. गाडी धुवायची तर रत्नागिरीत पैसे मोजून धुवून यायची. आणि रोज संध्याकाळी मामंजी दोर सोडतील तेव्हा पत्ते खाली ठेवून एकाने तिथे जाऊन उभं राहायचं.

मोटर वाइंडिंगला दिली आहे. बिल आलं की ग्रुपवर टाकते, त्या फोटोच्या खालीच.