‘पेशंटशी फक्त बोलायचे काम’: ब्रिटनच्या व्हिसाबद्दल फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

गेल्या काही महिन्यांत एकच संदेश माझ्याकडे चार वाटांनी आला: शाळेच्या बॅचच्या गटातून, गावाच्या गटातून, नर्सिंगच्या जुन्या मैत्रिणींच्या गटातून आणि एका मावसभावाकडून, ‘ताई, हे खरे असेल तर बायकोचे नाव देतो’ या पुस्तीसह. संदेशाचा मजकूर थोडक्यात असा आहे. ब्रिटनमध्ये मानसिक आरोग्य सेवेत सपोर्ट वर्करच्या हजारो जागा रिकाम्या आहेत, बारावी पास पुरे, अनुभवाची अट नाही, पेशंटशी फक्त बोलायचे आणि लक्ष ठेवायचे काम आहे, आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा) लागत नाही, व्हिसा स्पॉन्सरशिप पक्की आहे, कुटुंब सोबत नेता येते, पाच वर्षांत पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) मिळतो. खर्च नऊ लाख, त्यातले निम्मे आगाऊ, आणि जागा मर्यादित. मी स्वतः इंग्लंडमध्ये एका मानसोपचार वॉर्डात परिचारिका आहे, त्यामुळे मावसभावाला उत्तर देणे भाग होते. तेच उत्तर जरा विस्ताराने येथे लिहिते आहे.

पहिली गोष्ट, जी कळली की बाकीचा संदेश वाचण्याचीही फारशी गरज उरत नाही: हे दारच बंद झाले आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये ब्रिटनने केअर वर्कर (सपोर्ट वर्करसारखे देखभालीचे काम) या पदाचा ‘हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसा’त समावेश केला, आणि त्यानंतर पदवी नसलेली माणसेही या वाटेने खरोखरच तिकडे गेली. ही वाट 22 जुलै 2025 रोजी बंद झाली. त्या दिवसापासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठी (हेल्थ अँड केअर व्हिसा हा त्याचाच एक प्रकार) कामाची पातळी साधारणपणे पदवीच्या बरोबरीची असावी लागते, आणि केअर वर्कर व सीनियर केअर वर्कर या पदांवर परदेशातून नवी भरती करता येत नाही. जे आधीच तिथे कायदेशीरपणे काम करत आहेत त्यांना देशातल्या देशात स्पॉन्सर, म्हणजे व्हिसासाठी पुरस्कृत करणारा मालक, बदलण्यासाठी जुलै 2028 पर्यंतची मुभा दिली आहे, आणि ‘अजून चालू आहे’ असे सांगणारे एजंट नेमके याच मुभेकडे बोट दाखवतात. सातारा, बीड किंवा म्हापशात बसलेल्या माणसाला तिचा काडीचा उपयोग नाही. तेव्हा संदेश सर्वस्वी खोटा होता असे नव्हे, तो शिळ्या कढीला आणलेला ऊत आहे.

आता मला सर्वांत जास्त खटकलेल्या वाक्याकडे येते: ‘अनुभव नको, पेशंटशी फक्त बोलायचे काम आहे.’ हे वाक्य खपते, कारण ते आपल्या मनात आधीपासूनच असते. हृदयाच्या वॉर्डात शिकलेली नर्स लागते हे कोणालाही पटते, मनोरुग्णाजवळ मात्र कोणीही धडधाकट माणूस बसवला तरी चालेल, अशी आपली समजूत आहे. एजंटाने ती जन्माला घातलेली नाही, त्याने फक्त तिची किंमत लावली.

‘लक्ष ठेवणे’ म्हणजे काय ते सांगते. आमच्या वॉर्डात ज्या रुग्णाला आत्मघाताचा धोका आहे त्याच्यावर ठरवून दिलेल्या अंतराने नजर ठेवली जाते. कोणावर दर पंधरा मिनिटांनी, कोणावर अखंड, आणि कोणाच्या बाबतीत तर हात लांब केला की स्पर्श होईल इतक्या जवळून. रात्री तीन वाजता हातात पाटी घेऊन खोलीच्या दाराशी उभे राहायचे आणि पांघरुणाखालची छाती वर-खाली होते आहे याची खात्री पटल्यावरच वेळेपुढे सही करायची, रुग्ण झोपलेला ‘दिसतो’ एवढे पाहून नव्हे. कमरेला किल्ल्या आणि धोक्याचा अलार्म असतो, आणि गळ्याभोवतीचा फास कापण्याचे खास हत्यार वॉर्डात कुठे ठेवले आहे हे पहिल्याच दिवशी पाठ करावे लागते. रुग्णाला बळाने धरून ठेवण्याची वेळ आलीच तर ते कसे करायचे याचे वेगळे प्रशिक्षण असते आणि प्रत्येक वेळेची नोंद ठेवावी लागते. असे धरून ठेवताना एका तरुणाचा 2010 मध्ये मृत्यू झाला, त्यातून इंग्लंडमध्ये 2018 साली बळाच्या वापराविषयी स्वतंत्र कायदा झाला. आपल्याकडेही 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास आणि भूल न देता विजेचे झटके देण्यास मनाई केली आहे. ज्या कामासाठी दोन देशांना कायदे करावे लागले, त्याला ‘फक्त बोलायचे काम’ म्हणणे हा त्या रुग्णांचाही अपमान आहे.

परवाना कोणत्या शाखेचा आहे याला किती महत्त्व असते, याचे एक उदाहरण पुरेसे ठरावे. इंग्लंडच्या 1983 च्या मेंटल हेल्थ ॲक्टमधील कलम 5(4) नुसार, स्वेच्छेने दाखल झालेला रुग्ण निघून जाऊ लागला, त्यात त्याला किंवा इतरांना धोका असला आणि डॉक्टर तत्काळ येऊ शकत नसला, तर परिचारिका त्याला सहा तासांपर्यंत थांबवून ठेवू शकते. माणसाचे स्वातंत्र्य सहा तासांसाठी काढून घेण्याचा हा अधिकार सरसकट कोणत्याही नर्सला नाही, तो फक्त मानसिक आरोग्य किंवा अध्ययन-अक्षमता या शाखांत नोंदणी असलेल्या नर्सला आहे. तेथील नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलमध्ये, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या एनएमसीमध्ये, परिचारिकांच्या चार शाखा आहेत: प्रौढ, बाल, अध्ययन-अक्षमता आणि मानसिक आरोग्य. आपल्या जीएनएम पदविकेत किंवा बीएस्सी नर्सिंगमध्ये मानसोपचार हा अनेक विषयांपैकी एक विषय असतो आणि मनोरुग्णालयातली पोस्टिंग काही आठवड्यांची. म्हणून भारतातून जाणाऱ्या बहुसंख्य परिचारिका प्रौढ शाखेत नोंदणी करतात. मानसोपचार वॉर्डातल्या नर्सच्या जाहिरातीत मात्र बहुधा मानसिक आरोग्य शाखेचाच पिन (एनएमसीचा नोंदणी क्रमांक) मागितलेला असतो. मानसिक आरोग्य हे आत शिरण्याचे सोपे दार आहे, हा या संदेशाचा गाभा आहे. प्रत्यक्षात परदेशी परिचारिकेसाठी ते इतर दारांपेक्षा अरुंद आहे.

याच संदेशाची एक सुधारित आवृत्ती मानसशास्त्र घेऊन एमए झालेल्यांसाठी फिरते: ‘सायकॉलॉजिस्टना थेट स्पॉन्सरशिप.’ ब्रिटनमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट ही नावे कायद्याने राखीव आहेत, आणि हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलची नोंदणी नसताना ती लावणे गुन्हा ठरतो. तिथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होण्याचा नेहमीचा मार्ग तीन वर्षांच्या डॉक्टरेटचा आहे. भारतातून अर्ज करणाऱ्याचे शिक्षण आणि प्रत्यक्ष प्रशिक्षण त्या तोलाचे आहे की नाही हे कौन्सिल कागद न् कागद तपासून ठरवते. आपल्याकडे पुनर्वास परिषदेच्या मान्यतेचा दोन वर्षांचा एम.फिल. केलेल्यांनाही तिथे सहज प्रवेश नाही, मग नुसत्या एमएची गोष्टच नको. ‘काउन्सेलर’ हे नाव मात्र राखीव नाही, आणि जाहिराती नेमके तेच वापरतात.

आयईएलटीएस लागत नाही हे वाक्य अर्धवट खरे आहे, कारण त्याऐवजी ओईटी ही आरोग्य-कर्मचाऱ्यांसाठीची इंग्रजी परीक्षा देता येते. पण कोणतीच परीक्षा नको, असा अर्थ कोणी घेत असेल तर तो चूक आहे. एनएमसी आयईएलटीएसच्या वाचन, श्रवण आणि संभाषणात 7 आणि लेखनात 6.5 गुण मागते. आणि खरे सांगायचे तर मानसोपचार वॉर्डात एवढ्यावरही भागत नाही. मी नवीन असताना एका वृद्ध रुग्णाला संध्याकाळी त्यांचा हिवाळी कोट कपाटात लावून देत होते. ते शांतपणे म्हणाले, त्याची आता गरज पडणार नाही. मी समजले की उन्हाळा येतो आहे म्हणून म्हणत असतील. शेजारी उभ्या असलेल्या सहकारी परिचारिकेने हातातले काम टाकले, त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि सरळ विचारले की तुम्ही जीव देण्याचा विचार करता आहात का. ते हो म्हणाले. मी त्या वाक्यातला प्रत्येक शब्द ऐकला होता आणि मला काहीही ऐकू आले नव्हते.

आता पैशांकडे. नऊ लाख कशाचे, असे विचारल्यावर मावसभावाला मिळालेले उत्तर होते: ‘सीओएसचे.’ सीओएस, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, हा चौकटीत लावण्याचा कागदही नव्हे. ती ब्रिटनच्या गृहखात्याच्या संगणकावरील एक नोंद आणि तिचा क्रमांक असतो, आणि ती परवानाधारक मालकच तयार करू शकतो. एप्रिल 2025 च्या दराने तिचे शुल्क 525 पाउंड होते. ते मालकाने भरायचे असते, आणि ते कामगाराकडून वसूल करण्यास 31 डिसेंबर 2024 पासून स्किल्ड वर्करच्या बाबतीत मनाई आहे. नोकरी मिळवून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेणे ब्रिटनमध्ये 1973 च्या एम्प्लॉयमेंट एजन्सीज ॲक्टनेच निषिद्ध आहे. भारतात 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेल्या भरती एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. एजंट नोंदलेला आहे की नाही हे भारत सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसते. नऊ लाखांचा हिशेब यांपैकी कोणत्याच रकान्यात बसत नाही.

याउलट, पात्र परिचारिकेचा खरा खर्च मोजता येतो. एनएमसीच्या अर्जाचे 140 पाउंड, संगणकावरच्या सीबीटी परीक्षेचे 83, ब्रिटनमध्ये जाऊन द्यायच्या दहा स्थानकांच्या ओस्की परीक्षेचे 794 आणि नोंदणीचे 153, म्हणजे 2025 च्या दराने एकूण 1,170 पाउंड. त्याखेरीज इंग्रजी परीक्षा, क्षयरोग तपासणी आणि व्हिसाचे शुल्क, जे एप्रिल 2025 च्या दराने तीन वर्षांपर्यंतच्या व्हिसासाठी 304 पाउंड होते. आरोग्य अधिभार या व्हिसावर माफ आहे. अनेक एनएचएस ट्रस्ट (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या संस्था) ओस्कीचे शुल्क, विमानाचे भाडे आणि सुरुवातीचे काही आठवडे राहण्याची सोय स्वतः करत आले आहेत.

‘स्पॉन्सरशिप पक्की’ या शब्दांवरही थांबले पाहिजे. ब्रिटिश सरकारने जुलै 2022 ते डिसेंबर 2024 या काळात केअर क्षेत्रातील 470 हून अधिक मालकांचे स्पॉन्सर परवाने रद्द केले, आणि त्यांच्याशी जोडलेले कामगार 39,000 हून जास्त होते. परवाना गेला की कामगाराला नवा स्पॉन्सर शोधण्यासाठी साधारण 60 दिवस मिळतात. परवानाधारकांची यादी सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. मात्र कंपनीचे नाव यादीत असले म्हणजे तुमच्यासाठी तिच्याकडे काम आहे असे होत नाही, आणि फसवणुकीत अनेकदा खऱ्या कंपनीचेच नाव वापरलेले असते.

कुटुंबाचा मुद्दा चार ओळींत संपतो. केअर वर्करना जोडीदार आणि मुले सोबत आणण्याची परवानगी 11 मार्च 2024 पासूनच नाही, म्हणजे ती वाट चालू होती तेव्हाही शेवटच्या वर्षभरात नव्हती. नोंदणीकृत परिचारिकेला ती आहे. पाच वर्षांत पीआर हा नियम होता, पण मे 2025 च्या श्वेतपत्रिकेत सरकारने ही मुदत सर्वसाधारणपणे दहा वर्षांवर नेण्याचा मनोदय जाहीर केला. तेव्हा आज पाच वर्षांची हमी विकणारा माणूस स्वतःच्या हातात नसलेली वस्तू विकतो आहे.

मावसभावाची बायको बीएस्सी नर्सिंग आहे आणि सहा वर्षे अतिदक्षता विभागात आहे. तिला मी सांगितले की जायचेच असेल तर प्रौढ शाखेतून स्वतः अर्ज कर. आणि मानसोपचाराचीच ओढ असेल तर आधी मानसोपचार परिचर्येची पोस्ट-बेसिक पदविका किंवा येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी यांसारख्या ठिकाणच्या मनोरुग्णालयातला भरीव अनुभव गाठीला बांध, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्याबद्दलच येतो. घाईही करू नको, कारण एप्रिल ते सप्टेंबर 2025 या सहा महिन्यांत ब्रिटनमध्ये परदेशातून नव्याने नोंदल्या गेलेल्या परिचारिकांची संख्या आदल्या वर्षीच्या त्याच काळाच्या जवळपास निम्म्यावर आली आणि तिथल्याच नव्या पदवीधरांना नोकऱ्या मिळवताना अडचण येते आहे.

तिने एकच प्रश्न विचारला: एजंट म्हणतो शुक्रवारपर्यंत पैसे भरले नाहीत तर सीट जाईल, त्याचे काय? मी सांगितले की मुलाखत झाल्यानंतर, ठरलेल्या पदासाठी, ठरलेल्या पगारावर, एका माणसाच्या नावाने सीओएस निघतो. यात ‘सीट’ नावाची वस्तू कुठेच नसते. मावसभावाने त्याच रात्री एजंटाकडे मालकाचे नाव आणि मुलाखतीची तारीख मागितली. त्यावर उत्तर म्हणून तोच संदेश पुन्हा आला, खर्च या वेळी साडेसात लाख होता.