किटली, कबुतरं आणि बाबा

मोबाइलकडे बघून एकटंच हसणाऱ्या माणसाची घरात चौकशी होतेच. आमच्याकडे ती बाबांकडे आहे. त्यांची उभी हयात कार्यालयात आवक-जावक सांभाळण्यात गेली, त्यामुळे विनाकारण झालेलं हसू त्यांना नोंद न करता आलेल्या टपालासारखं वाटतं. "काय झालं?" म्हणतात. "काही नाही, जोक आहे," मी म्हणते. "मग सांग की."

इथे पंचाईत सुरू होते. चारचौघांचा विनोद सांगता येतो, गीकी, म्हणजे संगणकवेड्यांच्या, विनोदाला आधी अभ्यासक्रम लागतो. 'जगात १० प्रकारची माणसं असतात: ज्यांना बायनरी कळतं ते आणि ज्यांना कळत नाही ते.' बायनरी म्हणजे फक्त ० आणि १ यांची मोजणी, तिच्यात '१०' म्हणजे दोन. वाचायला छान आहे. पण तोंडी सांगायचा कसा? 'दहा' म्हणावं तर बाबा उरलेल्या आठ प्रकारांची यादी मागतात, 'एक-शून्य' म्हणावं तर गुपित पहिल्याच शब्दाला फुटतं.

त्यापेक्षा सोपा म्हणून मी तारखांचा सांगितला. प्रोग्रामर लोकांना ३१ ऑक्टोबर आणि २५ डिसेंबर यांत फरक का कळत नाही? कारण 'ऑक्ट ३१' म्हणजेच 'डेक २५'. ऑक्ट म्हणजे ऑक्टोबर, तसंच ऑक्टल, आठाच्या पायाची मोजणी. डेक म्हणजे डिसेंबर, तसंच डेसिमल, आपली नेहमीची. बाबांनी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने मांडलं: तीन आठे चोवीस, अधिक एक, पंचवीस. खाली रेघ मारली, शेजारी बरोबरची खूण केली. "हिशोब जुळतो," म्हणाले आणि पेपर उघडला. हसायचं राहूनच गेलं.

तशी ही अडचण माझ्या एकटीची नाही आणि आजचीही नाही. १९८२ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संगणकवाल्यांनी लिफ्टमध्ये पारा सांडल्याची एक थट्टा आपसांत लिहिली, ती काहींना खरीच सूचना वाटली. पुढे असा घोटाळा नको म्हणून स्कॉट फालमन यांनी सुचवलं, की थट्टेच्या शेवटी अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस काढावा. आपली हसरी इमोजी त्याच आडव्या तोंडाची वंशज. म्हणजे जगातली अत्यंत हुशार माणसंसुद्धा एकमेकांचे विनोद ओळखू शकत नव्हती. बाबांना मी काय बोलणार?

मला स्वतःला सर्वांत आवडतो तो चेहरा सरळ ठेवून, रीतसर कागदपत्रं करून केलेला चावटपणा. इंटरनेट ज्या नियमांवर चालतं ते 'आरएफसी' नावाच्या कोरड्या दस्तऐवजांत असतात. त्यांत १ एप्रिलला अधूनमधून एखादा वात्रट दस्तऐवज शिरतो. तसाच मसुदा, तसाच क्रमांक. १९९८ चा असा एक दस्तऐवज इंटरनेटवरून कॉफीची भांडी कशी चालवावीत ते सांगतो. चहाच्या किटलीकडे कुणी कॉफी मागितली तर तिने काय करावं? त्रुटी क्रमांक ४१८ पाठवावी: 'मी किटली आहे.' २०१७ मध्ये हा क्रमांक काही ठिकाणांहून काढून टाकायचा प्रस्ताव आला, तर लोक किटलीच्या बचावासाठी उभे राहिले. क्रमांक वाचला.

हे ऐकून बाबा म्हणाले, "पण किटलीकडे कॉफी मागावीच कशाला?" मी सांगते, यापेक्षा नेमकी समीक्षा कुणी केलेली नाही.

मग मी हुकमाचं पान काढलं. आरएफसी ११४९, १ एप्रिल १९९०: कबुतरांवरून इंटरनेट. माहिती बारीक गुंडाळीवर छापायची, गुंडाळी कबुतराच्या पायाला बांधायची, चिकटपट्टी लावायची आणि सोडायचं. १९९९ मध्ये सुधारित आवृत्ती आली, तिच्यात विमानप्रवासासारखे सेवेचे दर्जेही आहेत, काँकॉर्ड, फर्स्ट, बिझनेस आणि कोच. २०११ मध्ये नव्या पिढीच्या इंटरनेट-पत्त्यांसाठी पुन्हा सुधारणा. आणि खरी कमाल २००१ ची. नॉर्वेतल्या बर्गनच्या, लिनक्स या संगणकप्रणालीच्या प्रेमींनी हे प्रत्यक्ष करून पाहिलं! नऊ संदेश पाठवले, चारांची उत्तरं आली. सर्वांत चपळ उत्तराला सुमारे ५३ मिनिटं लागली, सर्वांत निवांत उत्तराला पावणेदोन तास. त्यांनी निकाल छापला तोही संगणक छापतो तसाच, मिलिसेकंदांत, दशांशचिन्हासकट. त्या दशांशचिन्हापाशी मी दर वेळी कोसळते.

बाबा ताठ बसले. "पोच कोण देतं?"

"पोच यांच्याकडे नसते, बाबा. ते खातं वेगळं, टीसीपी म्हणून."

"म्हणजे हे फक्त रवाना करणार, आणि गहाळ झालं तर?"

"तर ते दुसरं खातं पुन्हा पाठवायला लावतं."

"बरोबर आहे. आमच्याकडेही असंच होतं." एवढं म्हणून त्यांनी चष्मा लावला आणि मोबाइल मागून घेतला. इंटरनेटचा अर्धा गाभा त्यांना पाच मिनिटांत समजला होता आणि मी इतकी वर्षं तो विनोद म्हणून सांगत होते.

मूळ मसुद्यात एक वाक्य आहे. वाहकाची भारक्षमता सर्वसाधारणपणे २५६ मिलिग्रॅम असते आणि विरोधाभास असा, की वाहकाचं वय वाढेल तशी ती बहुधा वाढते. याचा अर्थ मी त्यांना मराठीत सांगितला. तेवढा भाग त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतला.

"लिहिणारा माणूस अनुभवी दिसतो," ते म्हणाले.

"बाबा, तारीख बघा. एक एप्रिल."

"तारखेला काय करायचंय? मसुदा चोख आहे."

रात्री कुटुंबाच्या ग्रुपवर बाबांचा संदेश आला: 'वय वाढेल तशी भार वाहण्याची क्षमता वाढते. आंतरराष्ट्रीय दस्तऐवज क्रमांक ११४९. ज्येष्ठांनी अवश्य वाचावे, पुढे पाठवावे.' कबुतरांचा उल्लेख त्यांनी अनावश्यक तपशील म्हणून गाळला होता. खाली ओळीने जोडलेले हात आले. आत्याने तेवढं विचारलं, "ही वाढ नक्की कितव्या वर्षापासून धरायची?"